वडील गेले, घेणेकरी दारात: कुठेही सही करण्याआधी एवढं वाचा

घरातला कर्ता माणूस गेला की दहाव्याच्या आतच कोणीतरी आकडा घेऊन येतं. "तुमच्या वडिलांकडे माझे चार लाख होते. तोंडी व्यवहार होता, पण तुम्ही काही बुडवणारी माणसं नाही." मग खिशातून एक कागद निघतो, "नुसती नोंद म्हणून" सही मागितली जाते आणि मोठा मुलगा बापाच्या नावाला बट्टा नको म्हणून ती देऊन टाकतो. माझं मत सरळ आहे: वडिलांच्या कर्जापेक्षा वडील गेल्यावर पहिल्या महिन्यात केलेल्या सह्या घराला महाग पडतात.

आधी मूळ नियम. वारसाची जबाबदारी मयताकडून त्याच्या हातात जेवढं आलं तेवढ्यापुरतीच असते. दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं ५० आणि ५२ हेच सांगतात. समजा वडिलांच्या नावावर स्वकष्टाचा सहा लाखांचा प्लॉट होता, खात्यात पन्नास हजार होते आणि देणं अकरा लाखांचं आहे. वसुली साडेसहा लाखांपर्यंतच होईल. मुलाचा पगार, मुलीने स्वतःच्या कर्जातून घेतलेला फ्लॅट, सुनेचे दागिने यांना हात लावता येत नाही. वडिलांच्या पीएफची रक्कमही घेणेकऱ्याला जप्त करता येत नाही.

"बापाचं देणं फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य" हा जुना हिंदू कायदा होता, खोटं नाही. पण ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे हिंदू वारसा कायद्याच्या कलम ६(४) प्रमाणे, केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुला-नातवाकडे वसुली मागता येत नाही. त्याआधी काढलेल्या कर्जाला जुनाच नियम लागू. मनाला वाटलं म्हणून फेडायचं असेल तर जरूर फेडा, त्यात वाईट काहीच नाही. फक्त फेडणं ही तुमची इच्छा आहे की सक्ती, हे आधी कळलेलं बरं.

अपवाद चार, आणि लोक नेमके तिथेच घसरतात. तुम्ही सहकर्जदार असाल तर कर्ज तुमचंच. जामीनदार असाल तरी तसंच: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, "आधी त्याच्याकडे वसुली करा" असं त्याला म्हणता येत नाही. मिळकत तारण असेल तर बोजा मिळकतीबरोबर चालत येतो, म्हणून सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. आणि वडिलांनी एकत्र कुटुंबाचे कर्ते म्हणून कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी कर्ज काढलं असेल, उदाहरणार्थ विहिरीसाठी, तर वडिलोपार्जित एकत्र मिळकतीवर वसुली येऊ शकते.

आता सह्यांकडे येतो. सर्वांत वाईट सापळा चेकचा. वडिलांनी तारण म्हणून कोरे चेक सही करून दिलेले असतात. ते गेल्यावर घेणेकरी म्हणतो, "बाबांचा चेक परत घ्या, तुमचा द्या." दिसायला साधी अदलाबदल आहे. पण चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला फौजदारी असतो आणि तो मयताच्या वारसांवर चालत नाही. दिवाणी दावा होऊ शकतो, तोही मिळालेल्या मिळकतीपुरता. तुमचा चेक दिलात की चित्र उलटतं. तो परत गेला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी, नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. वडिलांचं दिवाणी देणं तुम्ही स्वतःच्या हाताने फौजदारी करून घेतलंत. म्हणून मृत्यूचा दाखला हातात आला की पहिल्यांदा बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि पिन माहीत आहे म्हणून वडिलांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका. पुढे घेणेकरी आणि भावंडं दोघंही त्याच रकमेचा हिशेब मागतात.

दुसरा सापळा बाँडचा. "वडिलांचे देणे मी सहा महिन्यांत फेडीन." वाटतं, दुसऱ्याच्या कर्जाचं वचन, त्याला काय किंमत? पण तुमच्या शब्दावर घेणेकरी सहा महिने थांबला तर ते थांबणं हाच मोबदला ठरू शकतो आणि करार पक्का होतो. मग साडेसहा लाखांची मर्यादा गेली.

मुदतीचं गणितही याच सहीला चिकटलेलं आहे. हातउसन्या पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे पैसे दिल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. मागणी करताच देय अशा प्रॉमिसरी नोटेलाही तिच्या तारखेपासून ३ वर्षंच. गहाणावर दिलेल्या पैशांना १२. मुदत संपण्याआधी लेखी, सहीची कबुली मिळाली तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षं सुरू होतात. मुदत संपल्यावर मात्र साधी कबुली चालत नाही, "फेडीन" असं लेखी वचनच लागतं. घेणेकरी तेराव्याआधी एवढी घाई का करतो, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच्या कागदावरच्या तारखेत सापडतं. सही करण्याआधी ती तारीख बघा, कागदाचा फोटो काढा, "कागद वकिलांना दाखवून कळवतो" एवढंच तोंडी बोला. खरा घेणेकरी यावर चिडत नाही.

व्याजाचंही तसंच. शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. महाराष्ट्रात परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, एवढंच घेता येतं. एखाद्या मित्राने अडीअडचणीला दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे. पण गावभर व्याजाने पैसे फिरवणारा बिनपरवाना माणूस असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याने तो गुन्हेगार आहे. त्याने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. 'खरेदीखत झालंय, आता काय उपयोग' म्हणून लोक जातच नाहीत.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी, कारण तिथे साधा दिवाणी दावा नसतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधक किंवा सहायक निबंधक वसुली दाखला देतात आणि मग वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. सुनावणीची नोटीस आली की हजर राहा. आकडा चुकला आहे, जमा केलेले हप्ते धरलेले नाहीत, मी वारस असून मला अमुकच मिळालं आहे, हे सगळं तिथेच लेखी मांडायचं. दाखला निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. "बघू पुढे" म्हणणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

कोर्टाचं समन्स आलं तरी तेच. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" या म्हणीने लोकांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच कुठल्या म्हणीने केलं असेल. तुम्ही चढला नाहीत म्हणून दावा थांबत नाही, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, होतो. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची, फार तर ९० दिवसांपर्यंत मुदत मिळते. तिच्यात स्पष्ट लिहायचं: वडिलांकडून काय मिळालं, त्यातलं कशावर गेलं, काय उरलं. दवाखान्याचं बिल, अंत्यविधीचा खर्च, आधी फेडलेली देणी यांच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. मिळालेल्या मिळकतीचा हिशेब देता आला नाही तर तेवढ्या रकमेपुरती वसुली तुमच्यावर व्यक्तिशः येते.

आता उलट बाजू. तिच्याकडे तर कोणी बघतच नाही: वडिलांचं लोकांकडे असलेलं येणं. वडील गेले म्हणून मुदतीचं घड्याळ थांबत नाही. १० जून २०२३ ला दिलेल्या हातउसन्यांची मुदत १० जून २०२६ लाच संपते, मधे ते वारले असले तरी. वडिलांनी स्वतः दावा लावलेला असेल तर ९० दिवसांत वारसांची नावं दाव्यात लावून घ्या, नाहीतर दावा पडतो. दावा नवा लावायचा असेल तर हुकूमनामा मिळण्याआधी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, लागतं. त्याला महिने जातात, म्हणून अर्ज लगेच करायचा. पुरावा म्हणून वडिलांची वही, बँकेचा उतारा आणि त्यांचा मोबाइल जपा. फोन विकू नका, रीसेट करू नका. व्हॉट्सॲपवरचा "पुढच्या महिन्यात देतो" हा संदेश पुराव्यात द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. प्रॉमिसरी नोटेवर रेव्हेन्यू तिकीट नसेल तर ती नंतर दंड भरूनही पुराव्यात घेतली जात नाही. अशा वेळी मूळ कर्जाचा दुसरा पुरावा शोधावा लागतो.

पासबुकात ₹४३६ आणि ₹२० च्या कपाती आहेत का तेही बघा. त्या जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांच्या असतात. पहिलीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख मिळतात, दुसरीत अपघाती मृत्यूला २ लाख. घरात कोणाला पत्ता नसतो आणि दावा राहून जातो.

वारस नोंदीबद्दल एक खुळी समजूत पसरलेली आहे: सातबाऱ्यावर नाव लावलं की कर्ज अंगावर येतं. येत नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकीही जन्मत नाही आणि कर्जही. नोंद न लावल्याने काही टळत नाही, उलट पीककर्ज आणि नुकसानभरपाई अडकते. तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करा, ई-हक्क या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरूनही होतो. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाचे पहिले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. आजी हयात असेल तर तिचं नाव हमखास गाळलं जातं आणि तीच नोंद पुढे काकांच्या हरकतीत अडकते.

याच गैरसमजाचा बहिणींच्या बाबतीत सर्रास वापर होतो. "बँकवाले तुझ्या सासरी येतील, त्यापेक्षा हक्कसोड करून मोकळी हो." बहिणीला जेवढं मिळेल तेवढ्यापुरतंच देणं तिच्याकडे येणार असेल, तर मोकळं व्हायचं कशातून? देणी वजा जाऊन काही उरणार असेल तर तो तिचा हक्क आहे. काहीच उरणार नसेल तर हक्कसोडीची एवढी घाई कशाला? विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतली हक्कदार, आहे, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. नोंदणीकृत हक्कसोड नंतर मनाला आलं म्हणून फिरवता येत नाही. फसवून घेतलं असेल तर ते कळल्यापासून ३ वर्षांत दावा लावून फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि दुय्यम निबंधकासमोर हसतमुखाने फोटो काढलेला असताना ते सोपं नसतं.

नॉमिनीबद्दल थोडक्यात: बँक ठेव असो वा शेअर, नॉमिनी रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, एकटा मालक नव्हे. विम्यात पालक, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ पासून नियम वेगळा आहे. नॉमिनी नसला तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे, वाद नसेल तर, सहकारी बँकेत ५ लाख आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंतचा दावा कोर्टाच्या प्रमाणपत्राशिवाय निकाली काढायचा आहे. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत. शाखेत "सक्सेशन आणा" म्हणाले तर हे लेखी विचारा. (गोव्यातल्या वाचकांनी हे वारशाचे परिच्छेद सोडून द्यावेत. तिथला वारसा कायदा वेगळा आहे, देणी-घेणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मयताच्या मिळकतीची यादी करून वाटणी करण्याच्या, कामात कोर्टासमोर मांडली जातात.)

सल्ला कोणाचा घ्यायचा? स्टॅम्प व्हेंडरकडचा छापील नमुना म्हणजे सल्ला नव्हे. तलाठी नोंदीबद्दल सांगतील, मालकीबद्दल नाही. बँकेचा वसुली प्रतिनिधी तर समोरच्या पक्षाचा माणूस आहे. त्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, एवढं लक्षात असू द्या. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. फोन १५१००. रक्कम मान्य आहे आणि फक्त व्याजावर अडलंय असं असेल तर दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी हप्त्याची रक्कम, तारीख आणि "एक हप्ता चुकला तर काय" ही ओळ दोनदा वाचा.

वकिलाकडे जाताना मृत्यूचा दाखला, सातबारा आणि ८-अ किंवा मालमत्ता पत्रक, सर्व वारसांची वयासह यादी, बँकेचे ३ वर्षांचे उतारे, कर्जाचे कागद आणि आलेल्या नोटिसा पाकिटांसकट न्या. पाकिटासकट अशासाठी, की नोटिशीच्या मुदती ती हातात पडल्यापासून मोजतात आणि ती कधी आली याचा शिक्का अनेकदा फक्त पाकिटावरच असतो.