आजोबा शंभर वर्षं जगायचे? कुणाचे?

महिन्यातून एकदा तरी हा मजकूर फोनवर येऊन पडतो. वर धोतर-पागोट्यातल्या ताठ म्हाताऱ्याचं चित्र, खाली जोडलेले हात. शब्द इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच असतात. आपले आजोबा-पणजोबा सहज शंभरी गाठत. महर्षी कर्वे नाही का १०४ वर्षं जगले? घरोघरी साजूक तूप होतं, भेसळ कुणाला ठाऊक नव्हती. विहिरीचं पाणी थेट प्यायचे, फिल्टर नव्हता. दहा-दहा बाळंतपणं घरीच व्हायची, सिझेरियन कुणी ऐकलं नव्हतं. मधुमेह, कॅन्सर हे शब्दच नव्हते. दवाखान्याची पायरी कुणी चढत नसे, कारण लसी आणि गोळ्या हा नंतर आलेला धंदा. आणि शेवटी, 'पटलं तर पुढे पाठवा.'

मला पटलं नाही, म्हणून मागे पाठवतोय.

कर्व्यांपासूनच सुरुवात करू, कारण हा पुरावा मजकुराने स्वतःहून पुढे केलाय. अण्णासाहेब कर्वे १८ एप्रिल १८५८ ला जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ ला गेले. १०४ वर्षं, वादच नाही. आता त्यांच्या घरात जरा डोकावू. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारल्या, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. १८९३ मध्ये कर्व्यांनी ज्यांच्याशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. तिथे शिकायला कोण येत होतं? तरुण विधवा. ज्या माणसाचं नाव दीर्घायुष्याचा दाखला म्हणून फिरवतात, त्याचं आयुष्यभराचं काम लवकर मेलेल्या नवऱ्यांच्या बायकांसाठी होतं.

मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना मला खरं तर हा एकच प्रश्न विचारायचाय. पुरुष शंभर वर्षं जगत होते, तर महाराष्ट्रात इतक्या बालविधवा आल्या कुठून? महात्मा फुल्यांना १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह का काढावं लागलं? पुनर्विवाहाचा कायदा, केशवपनाविरुद्धची चळवळ, पंडिता रमाबाईंचं शारदासदन, या सगळ्या शतकभराच्या धडपडीच्या मुळाशी अकाली मरणारे नवरे आहेत. कुणी म्हणेल, छे, म्हातारे बिजवर कोवळ्या मुलींशी लग्न लावत, म्हणून मुली विधवा होत. बरोबर. पण बिजवर म्हणजे ज्याची पहिली बायको मेली तो. तिजवराच्या दोन मेलेल्या. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी गेली आणि १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाई त्या घरात आल्या. रानडे तेव्हा एकतिशी-बत्तिशीत होते. म्हणजे पहिली पत्नी कुठल्या वयात गेली असेल, याचा अंदाज बांधायला गणित लागत नाही.

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान विसाच्या आसपास होतं. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ त्यातच आली. देशात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. आपल्याकडे असं फक्त त्याच एका खेपेला झालं. १९५१ च्या सुमारास आयुर्मान बत्तीस होतं, आज ते सत्तरीच्या घरात आहे. बत्तीस याचा अर्थ सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत असा नाही. पुष्कळ मुलं पाच वर्षांच्या आत जात, त्याने सरासरी खाली येते. जो बालपणातून तरला तो पन्नाशी-साठी बघू शके. पण शंभरी? तेव्हा माणसं साठीची शांत करत. ज्या समाजात साठ वर्षं जगणं हीच होमहवन करून साजरी करायची गोष्ट होती, तिथे शंभरी 'सहज' कशी असेल?

मग आपल्याला म्हातारे आजोबाच का आठवतात? कारण आठवण ठेवायला नातवंडं मागे उरली ती त्यांचीच. जो आठव्या वर्षी पटकीने (कॉलऱ्याने) गेला त्याचा नातू आज ग्रुपवर नाही.

आणि हे गरिबांपुरतंच नव्हतं. पहिले बाजीराव पेशवे १७४० मध्ये रावेरखेडीला तापाने गेले, वय एकोणचाळीस. धाकटे भाऊ चिमाजी अप्पा त्याच वर्षी डिसेंबरात आजारानेच गेले. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे. गावरान तूप, शुद्ध हवा, घोड्यावरची रपेट आणि मागाल तो वैद्य. मजकुरातली सगळी यादी पेशव्यांकडे होती. आणखी पुढे या: विष्णुशास्त्री चिपळूणकर एकतिसाव्या वर्षी गेले, आगरकर अडतिसाव्या. केशवसुत हुबळीला प्लेगने गेले तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते, आणि गडकरी मास्तर तेहतिसाव्या वर्षी क्षयाने. आपण शाळेत यांच्या जन्म-मृत्यूच्या सनावळ्या पाठ केल्या, वजाबाकी मात्र कधी केली नाही.

घरच्या बाळंतपणांचा मुद्दा वाचला की मला राग येतो, कारण तो बहुधा पुरुषांनी पाठवलेला असतो. दहा बाळंतपणं झाली हे खरं. दहांपैकी किती मुलं मोठी झाली, तेही त्याच दमात सांगावं. १९५१ च्या सरकारी आकड्यानुसार हजारात १४६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात. आता तो आकडा तिसाच्या खाली आलाय. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय त्या मरणातून आला. त्या स्वतः १८८७ मध्ये गेल्या, बावीस पुरी व्हायच्या आत. नाळ कापायला मिळेल ते हत्यार, मग बाळाला धनुर्वात. पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा करून जागरण होई ते हौसेने नव्हतं. आधीची दोन-तीन मुलं गेली की पुढच्याचं नाव दगडू किंवा केरू ठेवत, कुणाची नजर पडू नये म्हणून. आपल्या घराण्याची वंशावळ काढून बघा, एखादा तरी दगडू सापडेल.

याच कर्व्यांच्या घरातला थोरला मुलगा, राधाबाईंचा रघुनाथ, मोठेपणी काय करत होता? १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होता. त्यापायी लोकांनी त्याला जगणं नकोसं केलं. दहा-दहा बाळंतपणं झेपत होती तर त्याला ही उठाठेव करायचं कारणच नव्हतं.

आता विहीर. 'थेट विहिरीचं ताजं पाणी.' नारू हा रोग आजच्या तिशीतल्या माणसाला सांगून खरा वाटत नाही. नारूच्या जखमेचा पाय घेऊन कुणी पायऱ्यांच्या विहिरीत उतरलं की किड्याची पिल्लं पाण्यात जात. ती पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात. वर्षभराने पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा किडा बाहेर यायला लागे. तो ओढला तर तुटतो, तुटला तर पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा काढायचा. ऐन पेरणीच्या दिवसांत कर्ता माणूस ओसरीवर पडून. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे कशाने झालं? पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बंदिस्त करून, गावोगाव हातपंप बसवून (त्या पंपाचा पूर्वज आपला सोलापूर पंप), आणि घरोघरी पाणी फडक्याने गाळायला लावून. गाळायला. म्हणजे फिल्टरच की.

तुपाचा मुद्दा थोडा वेगळा आहे, कारण त्यात आजचा राग मिसळलाय आणि तो राग रास्त आहे. दुधात, पनीरमध्ये, मसाल्यात काय काय घालतात ते आपण बातम्यांत बघतोच. पण भेसळ नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, मीठ, औषधं यांत भेसळ करणाऱ्याला दंड सांगितलाय. नसलेल्या गुन्ह्याला कुणी दंड ठेवत नाही. मुंबईत चांगलं दूध मिळेना म्हणून १९४९ मध्ये आरेची दूध वसाहत उभी राहिली. भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. आणि साजूक तूप घरोघरी होतं म्हणता, तर डालडाचे ते पिवळे डबे कुठून आले ज्यांत पुढे तुळस लावली जायची? डालडा बाजारात आला १९३७ मध्ये, ऐन आजोबांच्या काळात. साजूक तूप होतं, पण ते सणाला, पाहुण्याला आणि देवाच्या निरांजनाला. रोज वरणभातावर धार धरणारी घरं गावात बोटांवर मोजण्याइतकी.

'विषमुक्त' धान्याची गंमत विदर्भातल्या म्हाताऱ्यांना विचारा. भंडारा-चंद्रपूरकडे लाखेची डाळ खात. खत नाही, फवारणी नाही, पूर्ण देशी वाण. पाऊस हुकला तरी तग धरणारं पीक, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तेवढंच उरे. महिनोन् महिने तेच खाल्लं की काहींचे पाय कायमचे लुळे पडत. विष त्या दाण्यातच होतं, कुणी वरून मारलेलं नव्हतं. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. उरलेल्या महाराष्ट्राचं म्हणाल तर १९४३ पासून मुंबईत रेशन होतं, १९६६ मध्ये देशाने सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणलं, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या लोकांनी मिलो (बाहेरून आलेली ज्वारी) आणि सुकडी खाऊन दिवस काढले. लाल मिलोच्या भाकरीची चव ज्यांना आठवते ती माणसं अजून आहेत. त्यांच्याच फोनवर हा मजकूर जातो, हे मला नवल वाटतं.

रसायनं नव्हती म्हणता तर डीडीटीही आठवा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत असा अंदाज होता. १९५३ पासून घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली. तिचे तोटे पुढे कळले. पण ताठ आजोबा झोपत होते त्या खोलीत ती होती.

मधुमेह हा शब्दच नव्हता? चरक-सुश्रुतांनी तो वापरलाय. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता आणि मंडालेच्या तुरुंगात त्यांना पथ्य सांभाळावं लागलं. कॅन्सरचं म्हणाल तर परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये उघडलं, ते रिकाम्या खाटा मांडून बसायला नव्हे. मात्र इथे मजकुरात थोडं खरं आहे. मधुमेह वाढलाय, फार वाढलाय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही निघाले. आपण चालत नाही, बसून खातो, रात्री अकराला जेवतो, सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातो. आजोबा रोज पाच-सात मैल चालत ते पायाला, आणि हो, तब्येतीला चांगलं होतं. आजी पहाटे जात्यावर बसे त्याला मात्र व्यायाम म्हणू नका, तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि एक हिशेब विसरता येत नाही: म्हातारपणातला मधुमेह, हृदयविकार आणि बहुतेक कॅन्सर व्हायला आधी त्या वयापर्यंत पोचावं लागतं.

राहिली दवाखान्याची पायरी. ती चढायला होती कुठे? खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहायला लागली तीच १९५२ नंतर. त्याआधी गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ असे, पटकी आली की तिचा गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडत. पुढचं गाव तो त्याच्या पुढे ढकले.

आणि लसींचा धंदा. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग आहे हे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. १० जानेवारी १८९७ ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस भायखळ्याला आधी स्वतःलाच टोचून घेतली. दोन महिन्यांनी, १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. धंदा करायला निघालेल्या माणसाने पहिली सुई स्वतःला टोचून घेतलेली मी तरी दुसरीकडे ऐकली नाही.

देवी रोगाचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ चा. हा मजकूर पाठवणारे माझ्या माहितीतले बहुतेक काका-मामा त्याआधी जन्मलेले आहेत. पुढच्या वेळी 'पाठवा'चं बटण दाबण्याआधी त्यांनी बाही वर सरकवावी आणि हातावरचा तो गोल वण कशाचा आहे ते ग्रुपवर लिहावं.