नळीतून पाणी पडत नाही म्हणजे एसीचा गॅस संपला?

गेल्या पंधरवड्यापासून आमच्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एसीबद्दलचा एक मेसेज फिरतो आहे. त्यात पाच सूचना आहेत. खोलीची एक खिडकी उघडी ठेवा, म्हणजे एसी ताजी हवा ओढेल. लवकर थंड व्हायला १६ वर लावा. सोबत कूलर चालवा, दुप्पट गारवा मिळेल. गॅस दर उन्हाळ्यात भरून घ्या. आणि नळीतून पाणी पडत नसेल तर गॅस संपला समजा. पाचही सूचना चुकीच्या आहेत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापणारे नऊ दिवस, तोंडावर आला आहे आणि लोक या मेसेजपायी पैसे घालवताहेत, म्हणून लिहितो.

गोंधळाचं मूळ कूलरमध्ये आहे. आपण विदर्भातली माणसं कूलरच्या वाऱ्यात वाढलो. कूलरला उघडी खिडकी लागतेच, कारण बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून आत येते, पाण्याची वाफ होताना ती गार होते आणि मग दुसऱ्या दारानं तिला बाहेर जावं लागतं. स्प्लिट एसीचं काम विहिरीवरच्या मोटरसारखं आहे. मोटर पाणी तयार करत नाही, खालचं वर चढवते. एसीही थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. भिंतीवरच्या युनिटमधल्या थंड कॉइलमध्ये गॅस कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना खोलीच्या हवेतली उष्णता घेतो. तांब्याच्या नळीतून तो बाहेरच्या युनिटमध्ये जातो. तिथं कॉम्प्रेसर त्याला इतका दाबतो, की तो बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होतो. म्हणून ४५ अंशांच्या उन्हातही तो आपली उष्णता हवेला देऊ शकतो, पुन्हा द्रव होतो आणि आत परततो. दीड टनाचा एसी साधारण दीड किलोवॅट वीज घेऊन पाच किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर काढतो, तो असा.

आता खिडकी. या सगळ्यात बाहेरची हवा आत येतच नाही. दोन युनिटांमधल्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो, आणि आतला पंखा खोलीचीच हवा पुन्हा पुन्हा कॉइलवरून फिरवतो. खिडकी उघडी ठेवली की मोटर पाणी उपसते आहे आणि विहिरीत पाट सोडला आहे, अशी गत होते. खोलीत चार-पाच जण झोपत असतील तर मधूनमधून दार थोडा वेळ उघडा, ते बरोबर. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, त्यात जीव जातो.

१६ अंशांचं म्हणाल तर रिमोटवरचा आकडा हे वेगाचं बटण नव्हे. टाकीचा बॉल वर बांधला म्हणून मोटरची धार मोठी होत नाही, मोटर फक्त जास्त वेळ चालते. खोली ३८ वरून २४ वर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच १६ लावूनही लागतो. नंतर मात्र एसी न थांबता राबत राहतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे, की तापमान एक अंशानं वाढवून ठेवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच २०२० पासून स्टार लेबलचे नवे एसी सुरू करताच २४ वर येतात. आपल्याकडे तर हे जास्तच लागू पडतं. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून, आणि नागपुरानं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत. बाहेर जितकं गरम, तितकी विहीर खोल. अशा दुपारी २६ वर लावा आणि वर पंखा फिरू द्या.

कूलर सोबत लावण्याची सूचना मला सगळ्यांत वाईट वाटते, कारण ती पटते. शेजारच्या काकाजींनी तसं केलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "एसी तर लावला बाप्पा, मंग अंग चिकचिक काहून करते?" कूलर हवेतली जेवढी उष्णता वाफेत दडवतो, तेवढीच एसीला ती वाफ पुन्हा पाणी करताना बाहेर काढावी लागते. एक लिटर पाण्यामागे हे काम सुमारे ०.७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णतेचं आहे. हाती काही लागत नाही, उलट कूलरचा पंप आणि पंखा आपली थोडी उष्णता वर घालतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात एकटा कूलर उत्तम आणि कितीतरी स्वस्त, हे मी कोणालाही सांगेन. पण एका वेळी एकच.

राहिला गॅस. तो पेट्रोलसारखा जळत नाही. घरचा फ्रीज वर्षानुवर्षं चालतो, त्यात दर उन्हाळ्यात कोण गॅस भरतं? एसीचा गॅस कमी झाला असेल तर तो कुठंतरी गळतो आहे. बहुतेक वेळा नळ्यांच्या नटाजवळ, आणि साबणाचा फेस लावला की बुडबुडे दिसतात. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

माझी मोठी बहीण कापसाच्या एका जिनिंग कारखान्याजवळ राहते. दोन उन्हाळे लागोपाठ मेकॅनिक आला, कोरडी नळी दाखवून म्हणाला, "ताई, पाणी पडत नाही, गॅस गेला," आणि भरून गेला. नळीतून पडणारं पाणी हे खोलीच्या हवेतली ओल असते, थंड कॉइलवर जमलेली. मेमध्ये आपल्या हवेत ओल फारच थोडी असते, तर पाणी येणार कुठून? तिसऱ्या वर्षी दुसरा मेकॅनिक आणला. त्यानं गेज लावला तर दाब उलट जास्त निघाला. दोनदा भरलेला जादा गॅस होताच, वर बाहेरच्या युनिटची जाळी कापसाच्या रुव्यानं आणि धुळीनं गच्च भरली होती, उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. त्यानं ती पाण्यानं धुतली, आतला फिल्टर धुतला, सगळा गॅस काढून घेतला, पंपानं नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम केलं आणि युनिटच्या प्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमांइतकाच तोलून भरला. त्या दुपारी खोली गार झाली. नळी तेव्हाही कोरडीच होती. पुढं मृगाचा पाऊस आला, आणि त्याच नळीखाली ठेवलेली बादली एका रात्रीत भरली.