रीफच्या डोंगरातून मलाण्याकडे बघताना

हिमाचल सरकारने जानेवारी २०२५मध्ये भांगेच्या नियंत्रित लागवडीचा अभ्यास पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे सोपवला. तेव्हापासून मित्रांशी फोनवर बोलताना हा विषय हमखास निघतो. एकाला पोरं नादाला लागतील ही धास्ती, दुसऱ्याला राज्याच्या तिजोरीत पैसा दिसतो. मी उत्तर मोरोक्कोत राहतो, रीफ डोंगरांच्या पायथ्याशी, आणि मला दोघांनाही एकच विचारायचं असतं: बियाणं कुणाचं असणार?

इथे केतामाच्या आसपास पिढ्यानपिढ्या किफ, म्हणजे इथली भांग, पिकतो. इथलं जुनं वाण ‘बेल्दिया’, म्हणजे आपल्या भाषेत गावठी. ते पावसावर येतं, उन्हाळा सरता सरता कापणीला येतं. वाळलेली झाडं बारीक कापड ताणलेल्या भांड्यावर ठेवून काठ्यांनी बडवतात. कापडातून गळणाऱ्या भुकटीचा हशीश होतो. मलाण्यात, म्हणजे कुल्लूतल्या चरसासाठी गाजलेल्या गावात, ओले शेंडे तळहातांवर चोळून चरस काढतात, इथे हा बडवण्याचा आवाज दरीभर घुमतो.

मग संकरित वाणं आली. आधी ‘खर्दाला’, नंतर युरोपातून ‘क्रिटिकल’. नशेची राळ भरपूर, पण ऐन उन्हाळ्यात पाणी हवं. ज्याची विहीर खोल, त्याचं पीक हिरवं. विदर्भातल्या कापूसवाल्याला हे सांगावं लागणार नाही. दरवर्षी बियाण्याची पिशवी विकत घेणं म्हणजे काय, हे तो २००२पासून, बीटी कापूस आल्यापासून, अनुभवतो आहे.

२०२१मध्ये इथे १३-२१ क्रमांकाचा कायदा झाला. अल होसेमा, शेफशावेन आणि ताउनात या तीन प्रांतांत औषधी, औद्योगिक आणि सौंदर्यप्रसाधनांच्या वापरापुरती लागवड खुली झाली. शेतकऱ्याने परवाना घ्यायचा, सहकारी संस्थेत यायचं. नशेसाठीचा हशीश आजही गुन्हाच आहे. २०२३च्या पहिल्या कायदेशीर हंगामात ३२ संस्थांच्या ४१६ शेतकऱ्यांनी २९४ टन माल काढला, तोही आयात बियाण्यावर. बेल्दियाला परवानगी त्यानंतर मिळाली. ज्या वाणाने हा डोंगर जगवला, त्यालाच रांगेत मागे उभं केलं, याचा मला अजूनही राग येतो.

एक गोष्ट मात्र मनापासून पटली. ऑगस्ट २०२४मध्ये राजे मोहम्मद सहावे यांनी लागवडीच्या खटल्यांत अडकलेल्या ४,८३१ जणांना माफी दिली. वॉरंटच्या भीतीने ओळखपत्राचं नूतनीकरणही न केलेली माणसं या डोंगरात होती. त्यांच्यासाठी परवान्यापेक्षा ही माफी मोठी.

आपल्याकडे १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा किलोहून जास्त चरसाला किमान दहा वर्षं कैद सांगतो. तोच कायदा राज्यांना लागवडीचे नियम करू देतो, पण उत्तराखंडने नशेच्या घटकाची मर्यादा ०.३ टक्के ठेवली. हिमालयातली बरीच गावठी झाडं त्यात बसणार नाहीत. म्हणजे पहिली पिशवी बाहेरून येणार.

कुल्लूत भांगेच्या तंतूंचे दोर वळतात, ‘पुला’ नावाची पादत्राणं विणतात, बी खातात. ते बी आजही घराघरांत आहे. पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी आधी तिथे जावं, गावठी झाडांतून कमी नशेची निवडावीत आणि तयार झालेलं वाण त्याच शेतकऱ्यांच्या संस्थेच्या नावावर नोंदवावं. कंपन्यांना परवाने द्यायला त्यानंतरही भरपूर वेळ आहे.