अर्धा गुण संगीतकाराचा

गेल्या गणपतीत इंदूरच्या आमच्या सुदामानगर कॉलनीत क्विझ घेतली. नियम सोपा: शीर्षकसंगीत पाच सेकंद वाजणार, मालिका ओळखली की एक गुण, संगीतकार सांगितला की आणखी अर्धा.

'मालगुडी डेज'चं 'ताना ना' सुरू झालं मात्र, अख्खा मांडव गायला लागला. संगीतकार? "आर. के. नारायण!" अरे भिया, ते लेखक! एल. वैद्यनाथन हे नाव एकालाही आलं नाही. व्हायोलिनवाले एल. सुब्रमण्यम यांचे ते थोरले भाऊ, असं सांगितल्यावर दोन-चार माना हलल्या. 'महाभारत'ला सगळे महेंद्र कपूर म्हणाले. ते गायले हो, पण संगीत राजकमल यांचं. दूरदर्शनच्या जुन्या धूनला शेजारच्या काकांनी छातीठोकपणे "बिस्मिल्ला खाँ!" ठोकून दिलं. सनई ऐकली की आपल्याला दुसरं नाव सुचतच नाही. ती धून पं. रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खान यांची. काका अजून मानत नाहीत.

सगळ्यात जास्त मनाला लागलं ते 'आभाळमाया'चं. १९९९ साली केबलवर अल्फा मराठी (आताचं झी मराठी) आलं तेव्हा आमची शाळा हिंदी, बाजार हिंदी, भांडणंसुद्धा हिंदीत. संध्याकाळी ते शीर्षकगीत लागलं की आई कुकरखालचा गॅस बारीक करायची. देवकी पंडित हे नाव आमच्या घरात सगळ्यांना पाठ. मंगेश कुलकर्णींचे शब्द आणि अशोक पत्कींची चाल, हे मला कळायला पुढची दहा वर्षं गेली. 'मिले सुर मेरा तुम्हारा'ची चालही पत्कींचीच, हे तर त्याहून उशिरा.

दोष आपला एकट्याचा नाही. पूर्वी मालिकेच्या श्रेयनामांच्या पाटीवर नाव निदान दोन सेकंद थांबायचं. आता मी बघतो त्या ॲपवर सुरुवातीलाच 'इंट्रो वगळा'चं बटण येतं, आणि शेवटी नावं सुरू झाली रे झाली की चौकट काडेपेटीएवढी होऊन पुढचा भाग सुरू. चष्मा लावूनही काही दिसत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं, हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' म्हणण्याचा अधिकार ज्यानं ते रचलं त्याच्याकडेच राहतो. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटाही राखून दिला. काडेपेटीएवढ्या चौकटीबद्दल मात्र कुणीच बोलत नाही.

आणि आपण तर इंदूरकर! लताबाई इथे जन्मल्या हे पाहुण्याला चहाआधी सांगतो. त्यांच्या नावाचा मध्य प्रदेश सरकारचा पुरस्कार गायकांबरोबर संगीतकारांनाही मिळतो. १९८४ सालचा पहिलाच नौशाद यांना होता. म्हणजे सरकारला कळलेलं आमच्या मांडवाला कळेना.

तर यंदा नियम उलटा. संगीतकाराला पूर्ण गुण, मालिकेला अर्धा. काकांनी तक्रार पोह्यांच्या आधी नोंदवावी.