पोट आधी वळतं

मुलगी फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळते, हे मी सहा महिने ऑफिसात मिरवलं. मग एक दिवस तिचे कोच म्हणाले, "भिया, घर पे रोज दस मिनिट पाँव चलाओ." कोणाचे पाँव, ते सांगितलं नाही. मुलीने अर्थ लावला: दोघांचे.

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या गच्चीवर नायलॉनच्या पट्ट्यांची शिडी आडवी पसरली. प्रत्येक घरात दोन पावलं, टाच टेकवायची नाही, मान वर. मुलगी टपाटप पार झाली. मी तिसऱ्या घरात अंगठा अडकवला आणि शिडीसकट पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचलो. रोज सकाळी शेव आणि जिरावण मसाला घातलेल्या पोह्यांवर आणि वर जिलबीवर पोसलेला देह चवड्यांवर तोलायचा म्हणजे पोटऱ्यांनी राजीनामाच द्यायचा.

मग टेनिसचा चेंडू. मी तो खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, तिने चार-पाच पावलांवरून झेपावून दुसरा टप्पा पडायच्या आत पकडायचा. नुसता सोडायचा, म्हणजे हे तरी जमेल! दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "बाबा, सोडायच्या आधी तू भुवया उडवतोस." भुवया आवरल्या, तर श्वास ओढतोस म्हणाली. शेवटी मी पाठमोरा उभा राहू लागलो.

खरी अब्रू गेली ती 'आरशा'त. दोन कुंड्यांच्या मध्ये मी आडवं पळायचं आणि तिने समोरून तस्संच सरकायचं. गुडघे वाकलेले, अंग थोडं तिरपं, आणि पाय एकमेकांवरून टाकायचे नाहीत. पायांची कात्री झाली की समोरचा वळला तरी आपण तिथेच. मला काळजी नव्हती. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला भुट्ट्याच्या किसाचा द्रोण सांभाळत गर्दीतून पार होणारा माणूस मी. दोन कुंड्यांचं काय! डावीकडे झुकायचो, उजवीकडे सटकायचो. ती आधीच तिथे.

"तुला कळतं कसं?"

"चेहऱ्याकडे बघायचंच नसतं. कमरेकडे बघायचं. तुझं पोट आधी वळतं, मग तू."

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली आई इतका वेळ गप्प होती. "अगं, ही तर आट्यापाट्याच की!" म्हणत उठली, पदर खोचला. "पाटीवरच्याने अंगावर धावून जायचं नसतं. वाट अडवून उभं राहायचं. घाई त्याला असते."

नात डोळे विस्फारून म्हणाली, "सर पण हेच सांगतात!"

आई दोन कुंड्यांमध्ये उभी राहिली. वय बहात्तर, गुडघ्याला पट्टा. मी हसलो, डावीकडे झुकलो, उजवीकडे घुसलो. ती जागची हलली नाही. नुसता हात लांब केला, तो बरोब्बर माझ्या पोटाला लागला.

"मेलास," म्हणाली आणि परत लसूण सोलायला बसली.