कॉफीच्या गावात चहा

माझ्या डोक्याला एक वाईट खोड आहे. सकाळी नऊच्या आत कॉफी मिळाली नाही, की ते उजव्या भुवईच्या वर ठणकायला लागतं. म्हणून पुण्याहून निघताना बायकोने विचारलं, "तुझी ती चक्की, कागदाची गाळणी आणि सोनाराचा काटा घेतलास ना?" (पंधरा ग्रॅम कॉफी तोलायच्या काट्याला आमच्या घरात हेच नाव आहे.) मी नुसता हसलो. चाललो होतो चिखलदऱ्याला! सातपुड्यातलं, हजार मीटरहून उंच, महाराष्ट्रात चक्क कॉफी पिकवणारं गाव. विहिरीवर जाताना घागर भरून कोण नेतं?

मेहुणा अमरावतीचा. गाडी त्याची, आणि परतवाड्यापुढचा घाटही बहुधा त्याच्याच नावावर असावा, असं तो चालवत होता. जीव मुठीत धरून मी त्याला बाबा बुदन यांची आख्यायिका सांगितली. हजहून परतताना त्यांनी येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या.

"सातच?" मेहुणा म्हणाला. "आमचा बुढा हरबऱ्याचं बी पोत्यानं आनते भाऊजी, तरी अर्धं उगवत नाही."

पहिल्याच टपरीवर मी ऐटीत कॉफी मागितली. टपरीवाल्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"कॉफी तं झाडाले लागते भाऊ. पियाले चाच रायते."

पुढच्या टपरीवर चहा. त्यापुढच्या टपरीवर चहा आणि भजी. एका हॉटेलात "कॉफी आहे" म्हणाले, तेव्हा माझे डोळे भरून आले. मग त्याने दोन रुपयांची पुडी दाताने फाडली आणि ते कोरडे झाले.

ठणका सुरू झाला होता. बायको म्हणाली, निसर्ग बघ, बरं वाटेल. ऑगस्ट होता. देवी पॉइंटवर धुकं पाहिलं. मोझरी पॉइंटवर तेच धुकं दुसऱ्या बाजूने पाहिलं. "इथून पार खालचे गावं दिसतात," मेहुणा पांढऱ्या भिंतीकडे हात करून सांगत होता, आणि बायको त्या भिंतीचे फोटो काढत होती. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकलं, म्हणून कीचकदरा, त्याचं झालं चिखलदरा. मग त्याने हात धुतले ते भीमकुंड. भीमकुंडाचा धबधबा आम्ही मन लावून ऐकला.

पंचबोल पॉइंटवर ओरडलं की पाच वेळा प्रतिध्वनी येतो म्हणतात. लोक तिथे आपली किंवा प्रेयसीची नावं ओरडतात. मी सगळा जीव एकवटून "कॉफी!" म्हणून ओरडलो. दरीतून उत्तर आलं, "फी... फी... फी..." आणि त्याच क्षणी धुक्यातून पावतीपुस्तक घेतलेला एक माणूस प्रकट झाला. गाडी लावल्याचे पैसे द्यायचे राहिले होते.

दुपारी मळा पाहिला. मोठ्या झाडांच्या सावलीत चकचकीत पानांची झुडपं, आणि फांदीच्या पेराला पेराला बिलगलेले फळांचे घोस. सगळे हिरवेगार. राखणदार म्हणाला, लाल व्हायला थंडी पडावी लागते. मग तोडायचं, साल काढायची, वाळवायचं, टरफल काढायचं, भाजायचं, दळायचं. मी हिशेब केला. माझा कप किमान चार महिने लांब होता. चोरून एक हिरवं फळ चावून पाहिलं. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

गाविलगडावर तर मेहुणाही दोनदा हरवला. हा किल्ला आर्थर वेलस्लीने 15 डिसेंबर 1803 रोजी घेतला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. त्याच्या युद्धनीतीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला एवढंच दिसलं की त्या माणसाला डिसेंबरात यायची अक्कल होती. धुकं नाही, चिखल नाही, आणि आत्तासारखा मळा असता तर लाल फळंसुद्धा.

संध्याकाळी बायकोने कुठूनतरी इथल्याच कॉफीच्या पावडरीचं पाव किलोचं पाकीट पैदा केलं. मी ते पाकीट देवघरातल्यासारखं दोन्ही हातांनी मुक्कामाच्या आचाऱ्याला दिलं आणि विनवलं, "दादा, साखर नको, दूध नको, फक्त गरम पाणी."

"पाहुने हायेत तुमी," तो दुखावून म्हणाला. "पान्याची कशी देऊ?"

त्याने म्हशीचं दूध आटवलं, साखर ओतली, वेलची कुटली, आणि त्यात दोन मुठी कॉफी टाकून सकाळपासून चहाच उकळत असलेल्या पातेल्यात सगळं खदखदवलं. गाळलं तेही चहाच्याच गाळणीने. रबडीची चुलत बहीण शोभावी असं ते प्रकरण मी नाक न मुरडता एका दमात प्यायलो. भुवईवरचा ठणका पाच मिनिटांत उतरला. दुसरा कप मी स्वतःच मागून घेतला. बायको काही बोलली नाही, पण तिने फोटो काढला. दिवसभरातला धुकं नसलेला तेवढा एकच.

आचाऱ्यानेही बशीत ओतून एक घोट चाखला, जीभ टाळ्याला लावून बराच वेळ विचार केला आणि मान हलवली.

"अद्रक टाकाचं रायलं भाऊ."