खुलासा: रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून बसून राहिल्या नव्हत्या

अमेरिकेतली रोझा पार्क्स ही शिवणकाम करणारी काळी बाई दमून बसमध्ये गोऱ्यांच्या जागेवर बसली, उठली नाही आणि योगायोगानं इतिहास घडला, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

१ डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात पार्क्स बसल्या होत्या त्या मधल्या रांगेत काळ्यांना बसायला मुभा होती. पुढच्या जागा भरल्या, एक गोरा उभा राहिला, म्हणून ड्रायव्हरनं त्या रांगेतल्या चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठले. पार्क्स पाय बाजूला घेऊन त्यातल्या एकाला वाट देतात आणि खिडकीकडे सरकतात! उठल्या नाहीत म्हणून त्यांना अटक झाली. अंग दमलं नव्हतं, हे पुढे त्यांनीच सांगितलं.

शिवणकाम त्या करत, हे खरं. पण १९४३ पासून त्या एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिवही होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुणीवर गोऱ्यांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा माहिती घ्यायला त्या स्वतः ॲबेव्हिल या तिच्या गावी गेल्या. अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात त्यांनी प्रशिक्षणही घेतलं होतं. एवढ्या वर्षांच्या कामाला योगायोग म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांच्या अटकेच्या निषेधात शहरातल्या काळ्यांनी बसवर घातलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. पार्क्स यांची नोकरी गेली, धमक्या आल्या. १९५७ मध्ये डेट्रॉइटला जावं लागलं. तिथंही काम सुरूच राहिलं.